साहेबांचा उघडा चाकू

रविवारी सकाळी चहा झाल्यावर सावकाशने चाकूची सगळी पाती उघडली, आणि मग ती मिटेनात. खरं तर गोष्ट एवढीच आहे. पुढे जे काही झालं ते चाकूने केलेलं नाही, माणसांनी केलेलं आहे. पण माणसांना कुणी बोल लावत नाही. सगळे चाकूलाच बोलले आणि चाकूला बोलून संपल्यावर सावकाशला बोलले.

सावकाश हे त्याचं टोपणनाव. पाणीपट्टीच्या ऑफिसात कुणी घाईचं काम आणलं की तो "सावकाश करू" म्हणायचा, आणि करायचाही तसंच. आता शिपायापासून रोखपालापर्यंत सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत, आणि तोही ओ देत असे. माणूस थकला की कोणत्याही नावाला ओ देतो.

चाकू त्याचा स्वतःचा असता तर त्याने तो तसाच उघडा फडताळात टाकला असता आणि उरलेलं आयुष्य "बघू एकदा" म्हणत काढलं असतं. पण चाकू साहेबांचा होता. म्हणजे व्हायचा होता. साहेब सोमवारी निवृत्त होणार होते आणि तो त्यांना ऑफिसतर्फे द्यायचा होता. आपल्याकडे निवृत्त होणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ देतात. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ देण्यामागे काय विचार असतो असं कुणी विचारत नाही, कारण विचार करावा लागू नये म्हणूनच घड्याळ असतं. या वेळी भेटवस्तूच्या बैठकीत, कुणी न विचारता, सावकाश म्हणाला, "चाकू देऊ या."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"चाकू?" मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे हेडक्लार्क. देहाने लहानखुऱ्या होत्या, पण ऑफिस त्यांना घाबरायचं. "माणूस चाललाय हो घरी. त्याला वाटेत कुणाला भोसकायचंय का?"

"तसला नाही. खिशातला. हाताने बनवलेला. त्यात दहा-बारा पाती असतात," सावकाश म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडून शब्द असे सुटले की त्याचं त्यालाच नवल वाटलं. बसथांब्यासमोर एक चाकूवाला बसतो, तो यंत्राला हात लावत नाही, शिंगाची मूठ स्वतः घासतो, एकेका चाकूला महिना घालवतो. सावकाश कित्येक वर्षं रोज संध्याकाळी त्या दुकानाच्या काचेला नाक लावून बस चुकवत आला होता. स्वतःसाठी घ्यायची कधी हिंमत झाली नव्हती. घरी काय सांगणार? भाजी चिरायला सुरी आहे, पेन्सिलीला टोकयंत्र आहे, डबा उघडायला बायको आहे.

ठराव मंजूर झाला. चाकू आवडला म्हणून नाही, तर जेवणाची सुट्टी संपत आली होती म्हणून. मोठ्या बाईंनी उठता उठता शेवटचं वाक्य टाकलं, "तुम्ही सुचवलंत, तुम्हीच आणा. काही कमीजास्त झालं तर तुमच्यावर." सावकाशने मान डोलावली. त्या ऑफिसात आजवर त्याने सुचवलेली एकही गोष्ट झाली नव्हती. त्याने सुचवलेली खिडकी उघडली गेली नव्हती, त्याने सुचवलेला माठ आला नव्हता. आता त्याच्या सांगण्यावरून एक वस्तू साहेबांच्या हातात जाणार होती, आणि सगळे ती बघणार होते. त्याला फार काही नको होतं. कुणीतरी ती हातात घेऊन नीट बघावी आणि "वा" म्हणावं, बस.

तर तो चाकू शनिवारी तेलकट फडक्यात गुंडाळून घरी आला आणि रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर उलगडला गेला. मिटलेला असताना तो एखाद्या जाड शेंगेएवढा होता. मूठ काळपट शिंगाची, मधेच मधासारखी पिवळी झाक मारणारी. दोन्ही टोकांना पितळ, आणि मूठ जखडणाऱ्या रिवेटा इतक्या घासलेल्या की डोळ्यांना दिसायच्या पण बोटाला लागायच्या नाहीत. सावकाशने डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. नाहीच लागल्या. मग त्याने मोठं पातं उघडलं. ते टक् करून उभं राहिलं. लहान पातं टिक् करून. करवत उघडताना मधे एकदा थांबली, जणू कोण आहे ते बघून घेतलं, आणि मग पूर्ण आली. तिचे दात कानशीने एकेक कापलेले, एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे, शेवटपर्यंत. नंतर कात्री, कानस, टोच्या, आकडा, स्क्रू पिळायचं, डबा उघडायचं, बूच काढायचा पीळ. प्रत्येकाचा आवाज निराळा. एवढ्या सगळ्या गोष्टी त्या शेंगेत कशा राहत असतील? मोठ्या पात्याला किंचित एका बाजूला बाक दिला होता आणि करवतीला दुसऱ्या, म्हणजे दोघं एकमेकांना न घासता एका खोबणीत झोपतील. सावकाशच्या घरात दोघांना एका खोलीत न घासता झोपता येत नव्हतं, त्यामुळे त्याला याचं विशेष वाटलं.

सगळी पाती उघडल्यावर चाकू टेबलावर उताणा पडलेल्या खेकड्यासारखा दिसायला लागला.

"अगं, इकडे ये जरा," त्याने हाक मारली. "हे बघ."

बायको हात पुसत आली. तिने बघितलं. "टेबलाला ओरखडे पडतील," ती म्हणाली आणि परत गेली.

मग सावकाशने तो मिटायला घेतला. मोठं पातं अर्ध्यावर गेलं आणि परत उभं राहिलं. लहान पातं अर्ध्यावर गेलं आणि परत उभं राहिलं. करवतीने तर मान हलवायलाही नकार दिला. त्याने जरा जोर केला, त्यासरशी चाकू हातातून निसटला, आकडा टेबलक्लॉथमध्ये घुसला आणि टोच्या दुसऱ्या बाजूने. सावकाशने चाकू उचलला तर टेबलक्लॉथ उचलला गेला, टेबलक्लॉथबरोबर चहाचे कप उचलले गेले, आणि कप काही कुणी घट्ट बसवलेले नव्हते.

बायको पुन्हा आली. या वेळी हात न पुसता.

"काही नाही," सावकाश म्हणाला. "अडकलाय."

शेवटी ड्रॉवरमधली कात्री आणून टेबलक्लॉथ कापावा लागला. चाकूलाही कात्री होती, पण ती टेबलक्लॉथच्या खाली होती.

एव्हाना कप फुटल्याचा आवाज ऐकून वरचे काका खाली आले होते. वरच्या काकांनी आयुष्यभर औषधं विकली. आता ते फक्त सल्ला देत, आणि डोस स्वतः ठरवत. कपाचा तुकडा ओलांडून ते थेट टेबलाशी आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "धातू आहे. फुगलाय. फ्रीजमध्ये ठेवा."

"फ्रीजमध्ये?"

"थंडीने धातू आकसतो. शाळेत शिकवतात."

सावकाश शाळेत गेला होता, हीच त्याची अडचण झाली. न शिकलेल्या माणसाने काकांना वाटेला लावलं असतं. याने चाकू बर्फाच्या कप्प्यात ठेवला. तासाभराने काढायला गेला तर चाकू बर्फाला चिकटलेला, बर्फ कप्प्याला चिकटलेला आणि मटारांची पिशवी पिळाला चिकटलेली. तिघांना सोडवताना पिशवी फाटली. मटार सगळ्या स्वयंपाकघरात असे पसरले की बायको त्यांच्यावरून एक शब्दही न बोलता चालत गेली. तिचं न बोलणं सावकाशला बोलण्यापेक्षा महाग पडायचं.

"मग आता उलटं करू," काका म्हणाले. "गरम पाणी."

"काका, आधी आकसायचं म्हणालात."

"आकसलं ना? नाही मिटला. म्हणजे रोग दुसरा आहे."

गरम पाणी झालं, शिवणयंत्राचं तेल झालं. तेलाने चाकू मिटला तर नाहीच, पण असा बुळबुळीत झाला की कुणाच्या हातात राहीना. सोफ्यावर पडला आणि उशीत घुसला. उशीतून काढताना भुसभुशीत स्पंजाचं एक लांबलचक वेटोळं पिळावर चढून बाहेर आलं. बूच काढायचा पीळ किती उत्तम घडवला आहे हे त्या वेळी स्पष्ट दिसलं. सावकाशने ते बोलूनही दाखवलं. खोलीतल्या कुणालाच त्या क्षणी कारागिरीचं कौतुक करायचं नव्हतं.

"अहो," बायको म्हणाली, "ज्याने केलाय त्याच्याकडे घेऊन जा. आणि मिटल्याशिवाय घरात आणू नका. त्याला नाही, तुम्हालाही नाही."

बोलणं सरळ होतं. प्रश्न एवढाच की न्यायचा कसा. खिशात ठेवायचा तर खिसा जाणार, आणि खिशामागे जे आहे तेही. पिशवीतून चारही बाजूंनी बाहेर येणार. शेवटी केकचा एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका सापडला. चाकू त्यात बसला. खोक्यावर गुलाबाची चित्रं होती आणि फीत होती. बसमध्ये एका बाईने लगेच मुलाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "बसा हो, केक आहे तुमच्याकडे." सावकाश बसला. त्याला स्वतःसाठी बसमध्ये आजवर कुणी जागा दिली नव्हती. पहिल्या खड्ड्याला करवत खोक्याच्या तळातून बाहेर आली आणि त्याने उरलेला प्रवास मांड्या अधांतरी धरून केला. शेजारची बाई कौतुकाने बघत होती. इतका जीव लावून केक नेणारा माणूस तिने पाहिला नसावा.

चाकूवाला रविवारीही दुकानात बसलेला असे. तो कारागीर होता हे खरं, पण विनयशील वगैरे नव्हता. मी आजवर पाहिलेल्या गर्विष्ठ माणसांमध्ये त्याचा नंबर फार वर लागेल. त्याने खोक्याचं झाकण उघडलं आणि आत मेलेलं मांजर असावं तसा चेहरा केला.

"सगळी?" तो म्हणाला.

"हो."

"एकदम?"

"हो."

"का?"

"बघायला."

"बघायचं तर एकेक बघायचं. जेवताना तुम्ही सगळं ताट एकदम तोंडात घालता का?" त्याने चाकू हातात घेतला. एक पातं दाबलं, दुसरं दाबलं, मान वाकडी करून उजेडाकडे धरला. "मधली पितळी पट्टी सरकलीये. सगळ्या कमानींचा, म्हणजे स्प्रिंगांचा, ताण एकदम आला. आता खोबणी केसभर अरुंद झाली. काही मावायचं नाही त्यात."

"तुमच्याकडून याआधी कधी असं झालं नाही?"

"मी कधी सगळी एकदम उघडलीच नाहीत. कशाला उघडू? माणसाला हात दोन. एका वेळी काम एक." तो थोडा थांबला आणि त्याने चाकू परत उजेडाकडे धरला, या वेळी दोष शोधायला नाही. "बरा दिसतो," तो अनिच्छेने म्हणाला. "मलाच माहीत नव्हतं."

सावकाशला भरून आलं. आता विषय निघालाच आहे तर करवतीबद्दल बोलावं असं त्याला वाटलं, पण चाकूवाल्याने चाकू खाली ठेवून दिला होता.

"रिवेटा तोडायच्या, सगळं सुटं करायचं, पट्टी बसवायची, नव्या रिवेटा ठोकायच्या, मूठ परत घासायची. तीन आठवडे."

"उद्या द्यायचाय. साहेब उद्या निवृत्त होतायत."

"मग पुढे ढकला."

"काय?"

"साहेब."

"साहेब कसा पुढे ढकलणार?"

"मग चाकू कसा पुढे ओढणार?" चाकूवाला म्हणाला आणि दुसऱ्या पात्याला धार लावायला लागला. घाईने करतो असं म्हणणारा दुसरा एक कारागीर पलीकडच्या गल्लीत होता. सावकाशने नुसतं त्याचं नाव काढलं तर याने धार लावायचं थांबवून त्याच्याकडे असं पाहिलं की नावच गिळावं लागलं. शेवटी चाकूवाल्याने पातळ लाकडाची एक फळी दिली, तीवर चाकू तारेने उभा बांधून दिला, आणि सांगितलं, "असाच द्या. म्हणावं, शोभेचा आहे." सगळ्या पात्यांनिशी तो फळीवर उभा राहिला तेव्हा दुकानातून बाहेर पडणारा सावकाश एखाद्या ढालीमागून चालणाऱ्या शिपायासारखा दिसत होता. खोका आता पुरणार नव्हता. बायकोची अट आठवून त्याने तो रात्री जिन्याखालच्या मीटरच्या कपाटात ठेवला आणि वीज खात्याच्या माणसाने उद्याच येऊ नये अशी मनोमन इच्छा केली.

सोमवारी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली फळी घेऊन ऑफिसच्या फाटकाशी पोचला. फाटकाशी नवा वॉचमन होता. जुना वॉचमन कुणालाच अडवत नसे म्हणून त्याला काढलं होतं, आणि नवा कुणालाही सोडत नाही म्हणून त्याचं कौतुक चाललं होतं.

"काय आहे?"

"भेटवस्तू."

वॉचमनने वर्तमानपत्र बोटाने बाजूला केलं आणि बोट पटकन मागे घेतलं. "हे हत्यार आहे."

"खिशातला चाकू आहे, भाऊ."

"खिशात घालून दाखवा."

वॉचमनने भिंतीवरचा कागद दाखवला. बोटभर पात्यापर्यंत चालेल, पुढे नाही, असा नियम होता. सावकाशने लगेच एकेका पात्याशेजारी बोट धरून दाखवलं. कुठलंच पातं बोटापेक्षा मोठं नव्हतं. चाकूवाल्याने जणू हाच कागद वाचून चाकू बनवला होता.

"एकेक नाही बघायचं," वॉचमन म्हणाला. "एकूण बघायचं. सगळ्यांची बेरीज केली तर तलवार होते."

"अहो, पात्यांची बेरीज कोण करतं?"

"नियमात लिहिलंय का, करायची नाही म्हणून?"

नियमात लिहिलेलं नव्हतं. सावकाशने स्वतः याच युक्तीवर कित्येक लोकांची बिलं वाढवून दिली होती, त्यामुळे त्याला राग नीट काढता येईना. तो एवढंच म्हणाला, "मग करायचं काय?"

"कार्यालयप्रमुखांची लेखी परवानगी आणा. सोडतो."

कार्यालयप्रमुख म्हणजे साहेब. ज्यांना चाकू द्यायचा त्यांच्याचकडे जाऊन, तुम्हाला चाकू द्यायला परवानगी द्या, असं म्हणायचं. तेही झालं असतं. सावकाश आता लाजायच्या पलीकडे गेला होता. त्याने फळी वॉचमनच्या टेबलावर ठेवली आणि दोन जिने चढून वर गेला. तिथे मोठ्या बाईंनी सांगितलं की साहेबांनी सकाळी आल्या आल्या पदभार सोडला, त्यांच्या सहीला आता किंमत नाही.

"मग नवे साहेब?"

"ते उद्या येणार."

"म्हणजे आज..."

"आज कुणीच नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. ऑफिसला दिवसभर डोकं नव्हतं, आणि काम नेहमीसारखंच चाललं होतं. याचा अर्थ काय होतो ते ज्याने त्याने समजून घ्यावं. "कुठे आहे चाकू?"

"फाटकाशी. आत सोडत नाहीत."

"का?"

सावकाशने सगळं सांगितलं. पितळी पट्टी, कमानींचा ताण, बेरीज. मोठ्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हीच वाईट खूण होती. मग त्यांनी कपाटाचं दार उघडलं. आत रंगीत कागदात गुंडाळलेली गोल, चपटी वस्तू होती.

"घड्याळ?" सावकाशने विचारलं.

"मी आणून ठेवलं होतं. तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही," त्या म्हणाल्या. "अनुभव होता."

या वाक्यावर सावकाशने काही बोलायला हवं होतं. इतकी वर्षं एकाच टेबलाशी बसून मान मोडून काम केलेल्या माणसाला असं तोंडावर कुणी सुनावलं तर त्याने निदान टेबलावर हात तरी आपटावा. सावकाशच्या हाताला कालचं शिवणयंत्राचं तेल अजून होतं. तो म्हणाला, "समारंभ खाली घ्या. फाटकाशी. चाकू वर येऊ शकत नाही, माणसं खाली येऊ शकतात." आणि उत्तर न ऐकता जिना उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाचं ऐकून न घेता पाठ फिरवली, आणि ते बघायला जिन्यात कुणी नव्हतं.

संध्याकाळी सगळे खाली आले. सावकाशने सांगितलं म्हणून नव्हे, तर खाली आलं की तसंच घरी जाता येतं म्हणून. बिल भरायला आलेले आठ-दहा लोकही काय आहे ते बघायला थांबले. साहेब बारीक, खांदे पडलेले गृहस्थ. इतकी वर्षं त्यांच्याकडे जो तो फक्त सही घ्यायला येई, त्यामुळे समोर माणूस आला की त्यांचा हात आपोआप पेनाकडे जायचा. आताही गेला. मोठ्या बाईंनी घड्याळ दिलं. टाळ्या झाल्या. साहेबांनी घड्याळ काखेत धरलं आणि ते जायला वळले.

"साहेब, अजून एक आहे," सावकाश म्हणाला आणि वर्तमानपत्र काढलं.

पुढची रांग एक पाऊल मागे सरकली. वॉचमन एक पाऊल पुढे आला.

"चाकू आहे," सावकाश म्हणाला. "हाताने बनवलेला. म्हणजे, खिशात ठेवायचा असतो. मिटला तर."

"मग मिटा ना," साहेब म्हणाले.

असं कुणीतरी म्हणणार हे सावकाशला कालपासून माहीत होतं. शोभेचा आहे, हे उत्तर तो बसमध्ये पाठ करत आला होता. पण समोर सगळं ऑफिस होतं, आणि मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर ते उत्तर आधीच वाचून झाल्याचा भाव होता.

"मिटत नाही, साहेब. मी बिघडवला. तुमच्यासाठी आणला आणि मलाच बघावासा वाटला. सगळी पाती एकदम उघडून बघितली. तसं करायचं नसतं. आता तीन आठवडे लागतील दुरुस्तीला. पण आज तुम्ही चाललात, म्हणून आणलाय."

कुणीतरी हसलं. मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "सांगितलं होतं," आणि पर्स खांद्याला लावली. साहेबांनी घड्याळ वॉचमनच्या टेबलावर ठेवलं, चष्मा बदलला आणि फळीवर वाकले. एकेक पातं ते वरपासून खालपर्यंत बघत गेले. सावकाशला वाटलं, आता हेही म्हणणार, टेबलाला ओरखडे पडतील.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"टोच्या. चामड्याला भोक पाडायला."

"आणि याला हा बाक का दिलाय?"

"शेजारच्याला लागू नये म्हणून. दोघं एकाच खोबणीत राहतात. आणि हे बघा, इथे," सावकाश पुढे झाला, "रिवेटा. हात लावा. लागतात का बोटाला?"

साहेबांनी अंगठा फिरवला. "नाही."

"डोळे मिटून बघा."

साहेबांनी डोळे मिटले. पाणीपट्टी कार्यालयाचे माजी प्रमुख फाटकाशी डोळे मिटून एका चाकूच्या मुठीवरून अंगठा फिरवत उभे होते. आभाराचं भाषण तयार करून आलेला रोखपाल कागद हातात धरून थांबला होता. "नाहीच लागत," साहेब म्हणाले. "आणि हे दात असे वेडेवाकडे कशाला?"

करवतीबद्दल कुणी विचारेल असं सावकाशला वाटलं नव्हतं. त्याने सांगितलं. एक डावीकडे, एक उजवीकडे, कानशीने एकेक. म्हणजे कापताना लाकडात फट रुंद पडते आणि पातं अडकत नाही. साहेबांनी मग कात्रीचं विचारलं, कानशीचं विचारलं, शिंगाचा रंग मधेच पिवळा का होतो ते विचारलं. बिल भरायला आलेले लोक आधी गेले. मग टंकलेखक गेले, मग शिपाई. रोखपालाने भाषणाचा कागद घडी करून खिशात टाकला, "मी निघतो, साहेब," म्हणाला, आणि कुणी ऐकलं नाही म्हणून पुन्हा एकदा म्हणाला. मोठ्या बाई सगळ्यात शेवटी गेल्या. जाताना त्यांनी एकदा वाकून करवतीकडे बघितलं.

"साहेब, फाटक लावायचंय," वॉचमन म्हणाला. "बाहेर जाऊन बघा."

दोघं फळी धरून बाहेर आले आणि कुंपणाच्या भिंतीशी उभे राहिले. घड्याळ आतच राहिलं. फुटपाथवर संध्याकाळची गर्दी होती, धक्के मारत जाणारी, पण यांच्याजवळ आली की ती दुभंगून वळसा घालून जायची. साहेबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी फळी जरा उंच धरली.

"आणि हे काय?" त्यांनी विचारलं. मुठीच्या अगदी कडेला एक इवलंसं, चपटं पातं होतं, त्याला धार नव्हती आणि टोकही नव्हतं.

सावकाशने वाकून बघितलं. "हे मलाही माहीत नाही. विचारायचं राहिलं."

"त्याचं दुकान उद्या उघडं असतं?"

"रोज असतं. पण उद्या मला ऑफिस आहे."

"रजा घ्या."

सावकाशने साहेबांकडे बघितलं. त्याच्या रजेच्या प्रत्येक अर्जावर या माणसाने तिरक्या अक्षरात 'कामाचा व्याप पाहता' एवढंच लिहून अर्ज परत पाठवला होता. बहिणीच्या आजारपणाच्या वेळीसुद्धा.

"कारण काय लिहू?"

"चाकू बघायचा आहे."

"असली रजा कोण मंजूर करेल, साहेब?"

साहेबांनी खरोखरच विचार केला. "कुणी नाही," ते म्हणाले. "मीही केली नसती."

बस आली. दोघांनीही तिच्याकडे बघितलं आणि जाऊ दिली. साहेबांनी फळी दुसऱ्या हातात घेतली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि म्हणाले, "ते करवतीचं परत सांगा."